फियाटचे ब्रेक ड्रम रंगवून घेतले : कुर्ल्याच्या वर्कशॉपचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. जुन्या गाडीचे ब्रेकचे पार्ट ब्लास्ट करून (म्हणजे दाबाच्या हवेने दाणे मारून गंज काढून) रंगवून घ्यायचे असतील आणि तुम्ही मुंबईत असाल तर इथे बिनधास्त द्या. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला तेही पुढे लिहिलंय, पण साडेचार का दिले ते आधी वाचा, कारण ब्रेकचं रंगकाम म्हणजे बॉनेट नि बंपरचं रंगकाम नव्हे आणि हा फरक कळणारी माणसं आता शोधावी लागतात.

गाडी आहे प्रीमियर पद्मिनी, १९८६ची, वडिलांनी घेतलेली, घरात सगळे फियाटच म्हणतात. वर्कशॉप कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या मागच्या गल्लीत, जिथे जुन्या स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत तिथून आत. गाडी मुळात कुर्ल्याच्याच प्रीमियरच्या कारखान्यातली, १९६४मध्ये फियाट ११०० डिलाइट म्हणून सुरू झाली, १९७४ला पद्मिनी नाव पडलं, आणि आता कारखाना नाही पण प्रीमियर रोड हे नाव तेवढं राहिलंय. टॅक्सीवाल्या पद्मिनी होत्या तोवर पार्टची चिंता नव्हती, कुठल्याही गॅरेजमध्ये कोपऱ्यात दोन-चार ड्रम (चाकाबरोबर फिरणारं बिडाचं गोल भांडं, त्याला आतून घासून ब्रेक लागतो) पडलेले असायचे. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३च्या ऑक्टोबरमध्ये रजिस्टर झालेली, वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून ऑक्टोबर २०२३मध्ये तीही रस्त्यावरून गेली. त्यामुळे आता आपल्या गाडीवर जे ड्रम आहेत ते जपायचे, गंजले तर टाकून दुसरे आणू हा हिशोब संपला. मला रंग शोभेसाठी नको होता, लोखंड वाचवायला हवा होता. गाडी प्रभादेवीला उघड्यावर उभी असते, समुद्र हाकेच्या अंतरावर, खारा वारा काय करतो ते ड्रममागच्या स्थिर पत्र्याच्या, म्हणजे बॅकप्लेटच्या, खालच्या कडेला हात लावला की कळतं, पापुद्रे निघतात.

वर्कशॉप काका आणि त्यांचा भाचा मिळून चालवतात, दोन-तीन पोरं हाताखाली. मी ड्रम आणि बॅकप्लेट पोत्यात घालून नेले होते. काकांनी पहिला प्रश्न विचारला तो रंगाचा नाही, लायनरचा. "शूवरचे लायनर कधीचे आहेत? जुने असतील तर इथे हवा मारायची नाही." लायनर म्हणजे ब्रेक दाबल्यावर ड्रमला आतून घासणाऱ्या अर्धगोल शूवरचं अस्तर. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ड्रममध्ये साचलेली ती करडी धूळ कॉम्प्रेसरने उडवली की थेट छातीत जाते. त्यांनी पोराला पाण्याचा फवारा मारून सगळं ओलं करायला लावलं, ओल्या फडक्याने पुसलं, फडकं पिशवीत बांधून बाजूला ठेवलं, मग पुढचं काम. मुंबईतल्या बहुतेक गॅरेजमध्ये ड्रम काढला की पहिलं काम हवेची नळी लावणं हेच असतं, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मला तिथेच बरं वाटलं.

मग रंग कुठला. माझा मेव्हणा सोबत होता, त्याचा आग्रह लाल रंगाचा. काका म्हणाले, "साहेब, लाल डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला लावतात. तुमच्या गाडीला कॅलिपर आहेत कुठे, चारही चाकांना ड्रम. चाकाच्या भोकातून अर्धा इंच लाल दिसेल आणि ज्याला गाडी कळते तो विचारेल हे काय केलंत." मेव्हणा गप्प बसला. आणि खरंच आहे, रॅलीला वगैरे गाडी न्यायची असेल, व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लबवाल्यांना दाखवायची असेल, तर काळा रंगच बरा. २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला आरटीओत व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, त्यातही गाडी मूळ रूपात असावी असंच म्हटलंय, माझ्या गाडीला त्याला अजून वेळ आहे पण तोवर ती मूळ रूपातच राहावी असं मला मनापासून वाटतं.

ड्रमला एक रंग आणि बॅकप्लेटला वेगळा, हे त्यांनी आपणहून सुचवलं, आणि कारण नीट समजावलं. बॅकप्लेटला पावडर कोटिंग. पावडर भट्टीत साधारण १८० ते २०० डिग्रीला शिजते, मग ती जाड, चिवट, दगड उडाले तरी टवका जात नाही, आणि बॅकप्लेट स्वतः तेवढी तापत नाही. ड्रमचं तसं नाही. शहरात सिग्नल-सिग्नल करत चालवली तर ड्रम फार तापत नाही, पण खंडाळ्याचा घाट उतरताना चार माणसं आणि सामान असेल तर ड्रम दोनशेच्या वर सहज जातो, म्हणजे पावडर ज्या तापमानाला शिजली त्याच्याही पुढे. मग ती पिवळी पडते, मऊ होते, कधी फुगते. साधा डको किंवा ऑइल पेंट तर त्याच्या खूप आधी वास मारायला लागतो. म्हणून ड्रमला सिलिकॉन रेझिनवाला हीटप्रूफ काळा, जो सायलेन्सर-भट्टीच्या कामाला वापरतात, तो ५००-६०० डिग्रीपर्यंतचा मिळतो. मी चंदेरी का नको विचारलं कारण दुकानात सगळे चंदेरीच पुढे करतात, तर म्हणाले काळा पृष्ठभाग उष्णता बाहेर टाकायला अ‍ॅल्युमिनियम रंगापेक्षा चांगला. ड्रमची बरीचशी उष्णता वाऱ्यानेच जाते हे खरं, पण फुकटात मिळतंय ते का सोडा.

आता मास्किंग, म्हणजे जिथे रंग नको ती जागा झाकणं. साडेचार स्टार याच्यासाठी आहेत. ब्रेकचं रंगकाम चांगलं की वाईट ते रंग कुठे लावलाय यावरून नाही, कुठे नाही लावला यावरून ठरतं, आणि इथल्या पोरांना ते तोंडपाठ आहे. ड्रमचा आतला गोल, जिथे लायनर घासतो, तिथे प्लायवूडची चकती कापून कडेला रबर लावलेली झाकणं त्यांनी बनवून ठेवलीत, वेगवेगळ्या गाड्यांच्या मापाची, फियाटचं माप होतं त्यांच्याकडे, त्यामुळे ब्लास्टिंगला गार्नेटचा (ब्लास्टिंगला मारतात त्या कठीण खनिजाचा) एक कणही आत गेला नाही. वाळू वापरत नाहीत, गार्नेटच, वाळूच्या धुळीने फुप्फुसं जातात हे काकांना पक्कं माहीत आहे आणि पोरं मास्क घालतात, तोंडाला रुमाल नाही, खरा मास्क.

मग ड्रमचा बाहेरचा सपाट चेहरा, ज्यावर चाक येऊन बसतं. तिथे रंगाचा जाड थर राहिला तर चाक आवळताना नट घट्ट वाटतात, पण गाडी चालून तापली की मधला रंग दबतो, चुरा होतो, आणि नट ढिले पडतात. चाकाचे नट ढिले पडणं म्हणजे काय ते सांगायला नको. इथे तो चेहरा त्यांनी गोल कापलेल्या टेपने झाकला होता, भोकांत जुने बोल्ट फिरवून ठेवलेले, त्यामुळे भोकांच्या कडांनाही रंग नाही. मधलं भोक जे हबवर बसतं तेही कोरं. लोखंड उघडं राहिलं तिथे बारीकसा गंज येणार, येऊ दे, त्या जागेला अगदी पुसट ग्रीस लावून चाक बसवलं की झालं.

बॅकप्लेटवर तर अजून बारकावे. शूच्या कडा जिथे प्लेटवर टेकतात तिथे उठावदार जागा असतात, ब्रेक दाबला-सोडला की शू त्यावर सरकतो. त्या जागांवर पावडर चढली तर शू आधी अडकतो, मग पावडर खरवडली जाते आणि तिचा भुगा ड्रममध्ये लायनरखाली जातो. त्या जागा कोऱ्या ठेवून दिल्या. ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा व्हील सिलेंडर बसतो ती जागा कोरी. अँकर पिन कोरी. हँडब्रेकच्या केबलचं भोक, सेटिंगचं भोक, हवा काढायच्या निपलचा आटा, सगळं सिलिकॉनच्या बुचांनी बंद, ही बुचं भट्टीतलं तापमान सहन करतात, मास्किंग टेप जळते. व्हील सिलेंडर मी आधीच काढून ठेवले होते, आणि काढले नसते तर काकांनी घेतलेच नसते, तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं, कारण आतलं रबर भट्टीत खराब होतं आणि ब्लास्टिंगचा दाणा सिलेंडरच्या बोअरमध्ये गेला की सिलेंडर बाद.

दुसऱ्या एका ठिकाणी, नाव घेत नाही, माझ्या मित्राने त्याच्या अँबॅसेडरचे ड्रम दिले होते. आत-बाहेर सगळं एकाच झटक्यात रंगवून, चकचकीत करून हातात दिलं. दिसायला सुंदर. पहिल्या ब्रेकला गाडी थांबायच्या ऐवजी सरकत गेली, नशीब ती सोसायटीच्या आतच होती. म्हणून मी एवढं मास्किंगचं पुराण लावलंय, वाचायला कंटाळा आला असेल तरी वाचा.

ब्लास्टिंग झाल्यावर लोखंड उघडं राहता कामा नये, आणि मुंबईत तर अजिबात नाही. इथली हवा एवढी दमट की सकाळी ब्लास्ट केलेला ड्रम संध्याकाळी तांबूस दिसायला लागतो. यांच्याकडे ब्लास्टिंग आणि रंग एकाच छपराखाली, त्यामुळे तासाभरात पहिला हात बसतो. इतर ठिकाणी ब्लास्टिंग एकीकडे, पार्ट टेम्पोत घालून दुसरीकडे रंगाला, मध्ये रात्र जाते, आणि मग गंजावरच रंग बसतो, वर्षभरात फोड येतात. पावसाळ्यात ते हीटप्रूफ रंगाची कामं शक्यतो घेतच नाहीत, जुलैमध्ये कुणी आलं तर दिवाळीनंतर या म्हणून परत पाठवतात. धंदा बुडवून खरं सांगणारा माणूस मला आवडतो.

हीटप्रूफ रंगाचे पातळ हात मारले, जाड नाही. लोकांना वाटतं जाड थर म्हणजे टिकाऊ, या रंगाचं उलट आहे, जाड मारला की तापल्यावर आतला थिनर बाहेर पडायला जागा शोधतो आणि बुडबुडे येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा रंग नुसता वाळून पक्का होत नाही, त्याला साधारण दोनशे डिग्रीपर्यंत तापवावं लागतं, तोवर नख मारलं तरी ओरखडा जातो. घरी स्प्रे कॅन आणून रंगवणारे इथेच फसतात, रंग वाळला म्हणून लगेच चाक बसवतात. यांनी ड्रम भट्टीत घालून हळूहळू तापमान चढवलं, मग भट्टीतच थंड होऊ दिले, तापलेलं बिडाचं लोखंड एकदम हवेत काढायचं नाही हा त्यांचा नियम. धूर आणि वास येतो, गल्लीतले लोक ओळखतात, आज काकांची भट्टी पेटली.

एक गोष्ट मला फार आवडली. काकांनी टाकाऊ पत्र्याचे दोन तुकडे ठेवले होते, एकाला हीटप्रूफ काळा, एकाला पावडर, आणि दोन्हीवर माझ्यासमोर ब्रेक ऑइलचा थेंब टाकला. चहा पिऊन होईपर्यंत हीटप्रूफवाल्या तुकड्यावरचा रंग मऊ पडून बोटाला लागायला लागला, पावडर मात्र टिकली होती, पण काका म्हणाले रात्रभर ठेवलं तर तिचीही चमक जाईल. ज्या लोकांना वाटतं की ब्रेकचा रंग ब्रेक ऑइलला दाद देत नाही त्यांनी हे बघायला हवं. आपलं नेहमीचं ब्रेक ऑइल, डॉट ३ असो की डॉट ४, ग्लायकॉलचं असतं, रंग खाणं हा त्याचा स्वभावच. उपायही सोपा सांगितला, एअर, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा, काढताना हाताशी पाण्याची बाटली ठेवा, थेंब सांडला की फडक्याने टिपा आणि लगेच पाणी ओता, ग्लायकॉल पाण्यात विरघळून जातं. सिलेंडर गळत असेल तर रंगाचा विचारही करू नका, आधी सिलेंडरमधलं रबरी वॉशर किट बदला, गळक्या ब्रेकवर रंग म्हणजे पैसे पाण्यात, आणि तो जीवाशी खेळही आहे.

शेवटचं काम लेथवरचं. रंग आणि भट्टी झाल्यावर ड्रम टर्निंगला, म्हणजे आतून पुसट कातायला. हा क्रम बरोबर आहे, कारण भट्टीत आतल्या बाजूला आलेला हलका थर, चुकून पडलेला रंगाचा शिंतोडा, सगळं निघून कोरं लोखंड मिळतं, आणि ड्रम लंबगोल झाला असेल तर तोही गोल होतो. लेथ त्यांची स्वतःची नाही, शेजारी आहे, पण ते स्वतः घेऊन जातात. आधी आतलं माप घेऊन दाखवलं, चारही ड्रममध्ये अजून जीव आहे म्हणाले, एकाची मात्र ही शेवटची कातणी, पुढच्या वेळी कातला तर भिंत फार पातळ होईल आणि तापल्यावर तडा जाऊ शकतो. त्या ड्रमवर त्यांनी आतून खडूने खूण करून दिली. एवढं कोण करतं हो.

आता अर्धा स्टार कुठे गेला. वेळ. सांगितलेल्या तारखेला काम तयार नव्हतं, बराच उशीर झाला, आणि फोन उचलत नाहीत, भाच्याला मेसेज केला तर तो रात्री उत्तर देतो. तोवर गाडी माझ्याकडे लाकडी ठोकळ्यांवर उभी, सोसायटीतले रोज विचारणार काय हो विकली का भंगारात. दुसरं म्हणजे स्प्रिंगा, पिना, क्लिपा हे सगळं त्यांनी झिंक प्लेटिंगला पाठवलं, आलं छान पिवळं झिंक होऊन, पण चारही चाकांचं एकाच पिशवीत. डावं-उजवं, पुढचं-मागचं लावायला माझ्या मेकॅनिकची अख्खी दुपार गेली. चार पिशव्या आणि चार चिठ्ठ्या, एवढंच काम आहे, काकांना तसं बोललोही, ते हो म्हणाले. एका बॅकप्लेटच्या कडेला पावडर पातळ राहिली होती, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका उघडा, तो दाखवल्यावर वाद न घालता प्लेट परत घेतली आणि पुन्हा करून दिली, त्याबद्दल तक्रार नाही.

पैसे चारही ड्रम, चारही प्लेट, झिंक आणि लेथ धरून साडेआठ हजार झाले. स्वस्त नाही. बाहेर कोणी तीन हजारातही रंगवून देईल, पण त्यात ना ब्लास्टिंग ना भट्टी ना मास्किंग, नुसती स्प्रेगन फिरवलेली. ज्या गाडीत बायको-मुलं बसतात तिच्या ब्रेकवर हे पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. बिल मागितलं तर देतात, आधी सांगा.

बसवल्यावर माझ्या मेकॅनिकने चाकाचे नट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासले, एकही हलला नव्हता. काकांनीही हेच करायला सांगितलं होतं. नंतर लोणावळ्याला जाऊन आलो, परतताना घाटात मुद्दाम दुसऱ्या गियरवर उतरवली पण ब्रेक लागतातच, खाली खोपोलीला थांबून चाकाजवळ हात नेला, झळ चांगलीच लागत होती, पण रंगाचा वास नाही, धूर नाही. नंतर चाक काढून बघितलं, काळा जसाच्या तसा, थोडा मॅट झालाय एवढंच. एक पूर्ण पावसाळाही गेलाय, दादरला हिंदमाताजवळ साचलेल्या पाण्यातून गाडी गेली आहे, बॅकप्लेटची खालची कड जिथे आधी पापुद्रे निघायचे तिथे आता बोट फिरवलं तर गुळगुळीत. पाण्यातून गेल्यावर लगेच गाडी उभी करू नका बरं, थोडं अंतर हलका ब्रेक दाबत चालवा म्हणजे ड्रममधलं पाणी सुकतं, रंग कितीही चांगला असला तरी आतला गोल कोराच असतो आणि तो गंजून शूला चिकटतो.

जाणार असाल तर गाडी घेऊन जाऊ नका, सीएसटी रोडला उभी करायला जागा मिळत नाही, पार्ट सुटे करून पोत्यात घाला आणि कुर्ला स्टेशनहून रिक्षा करा. शू-स्प्रिंगांची मांडणी खोलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, प्रत्येक चाकाचा वेगळा. ब्रेक ऑइल पूर्ण पुसून, प्लेट डिझेलने नव्हे तर साबणाच्या पाण्याने धुऊन न्या, तेलकट पार्ट काका परत पाठवतात. ड्रमला हीटप्रूफ काळा आणि प्लेटला पावडर असं स्पष्ट सांगा, आणि झिंकचं सामान चार पिशव्यांत हवं हे चिठ्ठीवर लिहून द्या. डिसेंबर ते एप्रिल हा बरा काळ. मी आता पुढचे सस्पेन्शनचे आर्म द्यायला काढतोय, त्यालाही नंबर लावलाय, भाचा म्हणाला जानेवारीत या.